३६ बाय २४ ऐकलं तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

एकूण १९,४५० रुपये गेले. घरात हा आकडा सांगायला मला पंधरा दिवस लागले.

भाचीला मुलगा झाला. बाळाच्या खोलीसाठी चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘बदामाचा बहर’ या चित्राची प्रत द्यायची ठरवली. मूळ चित्र त्याने १८९० मध्ये भावाच्या तान्ह्या मुलासाठीच रंगवलं होतं. आणि माझ्यासाठी अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या १९२६च्या ‘ब्लॅक आयरिस’ या फुलाच्या चित्राची. इन्स्टाग्रामवरचा विक्रेता म्हणाला, “म्युझियम क्वालिटी, कॉटन कॅनव्हास, सागवानी फ्रेम.” दोन्हींचे १७,००० ठरले: १०,००० आगाऊ, ७,००० माल निघण्याआधी. वर लाकडी खोक्याचे २,४५०. सगळं यूपीआयने. आगाऊ एक पैसा देऊ नका!

मला छळतंय ते वेगळंच. पहिल्याच फोनवर तो म्हणाला होता, “मॅडम, दोन्ही ३६ बाय २४ मध्ये येतील.” मूळ चित्रं साधारण ३६ बाय २९-३० इंचांची, एक आडवं, एक उभं. ३६ बाय २४ मध्ये बसवायची तर कापा, नाहीतर ताणा. चोवीस वर्षं मी बडोद्यात चित्रकला शिकवली. चौकटी आखून चित्र मोठं करताना प्रमाण चुकलं की मुलांना सगळं पुसायला लावायची. आणि मी नुसतं “बरं” म्हटलं! बारसं आठ दिवसांवर होतं, तो अदबीने बोलत होता, फोटो सुरेख होते. कुणीही फसलं असतं. तरी तो आकडा रात्री डोक्यातून जात नाही. मूळ माप संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असतं, आधी ते बघा.

खोकं आलं ते पुठ्ठ्याचं. आयरिसची वरची पाकळी अर्धी कापलेली. भिंग धरलं तर लग्नपत्रिकेवर असतात तसे छपाईचे ठिपके. फ्रेमचा कोपरा नखाने खरवडला, तर तपकिरी कागद सोलून आला आणि आत पांढरा फोम.

विक्रेत्याने खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो मी काढलाच नव्हता, तुम्ही काढा. मग त्याने ब्लॉक केलं. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून, “बेन, माल तो मळ्यो ने? आ तो सिविल मॅटर छे.” म्हणजे, माल मिळाला ना, मग हे दिवाणी प्रकरण. अर्ज गुजरातीत हवा म्हणाले. लिहून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला पोच मागितली, तर तिथला एक जण विचारतो, चित्राला एवढे पैसे कोण देतं? मी देते! माझ्या पेन्शनचे पैसे आहेत. चोराला शोधायचं सोडून माझी उलटतपासणी कशाला?

पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी चार दिवस गप्प बसले.

अर्जाची पोच अजून मिळालेली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, दोन्ही फ्रेमा रिक्षात घालून.