नदीकाठ नव्याने घडवताना: उभी भिंत, उंच चौथरा की मातीचा उतार?

जुन्या वस्तीतला नदीकाठ सुधारायचा ठरला की चर्चा लगेच फरशी, दिवे आणि बाकांवर येते. खरं तर तो शेवटचा विषय. आधी ठरवायला हवा काठाचा छेद: पुराचं पाणी मावणार कुठे आणि एरवी माणूस पाण्यापर्यंत पोचणार कसा? त्यासाठी ही तीन ठिकाणं तपासून पाहावीत.

अहमदाबादच्या साबरमतीकाठी उभी भिंत आहे. दोन्ही तीरांवर सुमारे ११.५ किमी लांबीचा दोन पातळ्यांचा पदपथ, खालचा पाण्यालगत आणि वरचा शहराच्या पातळीवर. पात्र सुमारे २६३ मीटर रुंदीचं एकसारखं करून घेतलं आणि त्यातून २०० हेक्टरच्या आसपास जमीन मोकळी झाली. काठ सलग मिळाला, हा मोठा फायदा. पण पात्रात दिसतं ते बरंचसं नर्मदा कालव्याचं पाणी, वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. ज्या गावाकडे असं पाणी नाही, तिथे हीच भिंत उन्हाळ्यात मैलापाण्याच्या डबक्याभोवती उभी राहते आणि डबक्यावर जलपर्णी पसरते.

हाम्बुर्गच्या हाफेनसिटीत वेगळा तोडगा आहे. १५७ हेक्टरच्या या जुन्या बंदरात इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून ८ ते ९ मीटर उंच चौथऱ्यांवर घेतले, काठाचे पदपथ मात्र खालीच ठेवले. वादळी भरतीत पदपथ बुडतात, घरं कोरडी राहतात. तिथल्या मागेलान टेरासेन या काठावरच्या चौकाच्या पायऱ्यांवर लोक बसतात तेही ही बुडण्याची शक्यता गृहीत धरूनच. आपल्या घाटांचंही तत्त्व हेच. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. फरक पाणी थांबण्याच्या काळाचा. हाम्बुर्गमधलं भरतीचं पाणी काही तासांत ओसरतं, पंचगंगेचं २०१९ मध्ये कोल्हापुरात कित्येक दिवस ठाण मांडून होतं. म्हणून आपल्याकडे खालच्या पातळीवर विजेची पेटी, लाकडी बाक, दुकान यातलं काहीही नको. कठडे काढता येण्याजोगे हवेत, नाहीतर वाहून आलेला काडीकचरा त्यांत अडकून कठडाच उखडतो. पूर ओसरताच गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा. वाळला की तो फरशीला घट्ट चिकटतो. त्यासाठी पाण्याची जोडणी वरच्या पातळीवर हवी आणि गाळ काढणाऱ्या गाडीला खाली उतरायला उतार हवा.

तिसरं उदाहरण सिंगापूरचं, बिशान-आंग मो किओ उद्यानातलं. २.७ किमीचा सरळ काँक्रीट नाला मोडून तिथे सुमारे ३ किमीची वळणदार नदी केली, २०१२ मध्ये उद्यान खुलं झालं. आधी एका छोट्या तुकड्यावर काठ बांधण्याच्या निरनिराळ्या पद्धती लावून बघितल्या, मग टिकल्या त्याच पुढे वापरल्या. आपल्याकडे निविदेत हा टप्पाच नसतो, आणि पहिल्या पावसात उतार घसरतो तो त्यामुळेच. उताराच्या पायथ्याशी गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, वर काथ्याची जाळी, जाळीतून वाळा, शेरणी, वाळुंज. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर नको. मुळं धरायला एक कोरडा हंगाम आणि त्या काळात नियमित पाणी द्यावं लागतं.

उताराला जागा लागते. काठ ५ मीटर उंच आणि उतार १:३ (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं अंतर) धरला तर प्रत्येक तीरावर १५ मीटर, शिवाय पायवाट. एवढी जागा असेल तिथे उतारच निवडावा. पूल, देऊळ किंवा जुनी वस्ती अंगावर आली असेल तेवढ्याच लांबीत भिंत घ्यावी. त्या भिंतीला पाणी निचरायची भोकं आणि मागे खडीचा थर हवाच. पूर झपाट्याने उतरतो तेव्हा पुढचा आधार जातो, मागची माती मात्र पाण्याने भरलेली राहते आणि तिच्या दाबाने भिंत नदीकडे झुकते.

महाराष्ट्रात नदीकाठच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्र आवळून या रेषा नकाशावर आत सरकवता येतात, पण तेवढंच पाणी अरुंद पात्रातून जाताना उंच चढतं आणि वरच्या अंगाच्या वस्त्यांत शिरतं. म्हणून आराखडा मंजूर करण्याआधी सल्लागाराकडून धरणाच्या कमाल विसर्गाला प्रत्येक पुलापाशी येणारी पातळी मागून घ्यावी, कामाआधीची आणि कामानंतरची.