मिसळीला चार स्टार, माडीला साडेचार

हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. हॉटेलवाल्या मामांनीच बजावलंय, नाव टाकू नका, नायतर बाहेरची गर्दी वाढायची आणि मग तुमची माडी गेली म्हणून समजा. कोल्हापुरात राजारामपुरीत आहे एवढं पुरे, शोधणारा शोधेल.

तर हा रिव्ह्यू मिसळीचा कमी आणि माडीचा जास्त आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही वर बसतो, कोड आणि कॉम्प्युटरच्या गप्पा मारत, एकमेकांकडून शिकत. दोन-चार जण कोड लिहिणारे, त्यातले दोघं पुण्याच्या नोकऱ्या घरबसल्या करणारे, एक शिरोलीच्या फौंड्रीत मेंटेनन्सला, एक मोबाईल रिपेअरिंगवाला (आमच्यात सगळ्यात हुशार हाच), बाकी इंजिनिअरिंगची पोरं-पोरी, त्यातली काही इचलकरंजीहून एसटीने येतात. ग्रुपला नाव नाही, बॅनर नाही, अध्यक्ष तर नाहीच. तीन ते सहा का, तर जेवणाची गर्दी संपलेली असते आणि संध्याकाळच्या भज्यांची सुरू व्हायची असते, त्या वेळात माडी तशीही मोकळीच पडून असते, म्हणून मामा भाडं घेत नाहीत. चहा मात्र सांगायचा. दर अर्ध्या तासाने पोरगा वर येऊन नुसता उभा राहतो, त्याचा अर्थ तोच.

इथे टेकायच्या आधी आम्ही काय कमी हिंडलो नाही. एका कंपनीने त्यांचा हॉल फुकट दिला होता, एसी, प्रोजेक्टर, सगळं टकाटक, पण गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहा, आधारची झेरॉक्स द्या, आणि मग आत त्यांच्या बाई पंधरा मिनिटं आमच्याकडे व्हेकन्सी कशा आहेत ते सांगणार. फौंड्रीवाला दादा एकदाच आला. मग एका कॉलेजचा सेमिनार हॉल मिळाला तर तिथं दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, आणि या सगळ्यात चाळीस मिनिटं गेल्यावर ज्याला ईएसपी३२ नावाच्या छोट्या चिपवर तापमान कसं मोजतात ते दाखवायचं होतं त्याला म्हणाले पाच मिनिटांत आवरा. नंतर एक कॅफे धरला, कॉफी एकशे ऐंशी, पोरं पाणी पिऊन बसायची आणि वेटर त्यांच्याकडे बघत बसायचा.

खरं म्हणजे हॉलपेक्षा बाहेर चहा पितानाच जास्त शिकायला मिळतं, ही गोष्ट आधीच कळायला पाहिजे होती. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या एसआयसीएसआर या कॉम्प्युटरच्या कॉलेजात ग्नूनिफाय व्हायचं, लिनक्सवाल्यांची म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांची जत्राच ती, आणि तिथल्या भाषणातलं मला आज एक वाक्य आठवत नाही, पण बाहेर चहा पिताना एका अनोळखी माणसाने माझ्या लॅपटॉपचं वायफाय चालू करून दिलं होतं ते पक्कं आठवतंय. अमेरिकेतसुद्धा होमब्रू कॉम्प्युटर क्लब, म्हणजे घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब, १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एकाच्या गॅरेजमध्येच सुरू झाला ना. पुढे मोठ्या ऑडिटोरियममध्ये मीटिंगा व्हायला लागल्या, ॲपलच्या संस्थापकांपैकी वॉझनियाकने ॲपलचा पहिला कॉम्प्युटर, ॲपल-वन, याच क्लबात दाखवला, तरी मीटिंग संपली की मंडळी ओएसिस नावाच्या बर्गर-बिअरच्या हॉटेलात जायचीच. त्यांचं ओएसिस, आमची माडी. बिअर नाही, कट आहे.

आता कटाचं सांगतो. मिसळ सकाळची, तीनपर्यंत उरली तर नशीब. रंग बघून घाबरू नका, तिखटापेक्षा कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या मसाल्याचा जोर जास्त आहे, कट पातळ आणि झणझणीत, सोबत स्लाइस ब्रेड, जादा कट मागितला तर तोंड वाकडं न करता देतात. फरसाण मात्र कधीकधी मऊ पडलेलं असतं, म्हणून चार स्टार. कांदाभजी साडेपाचला पहिला घाणा निघतो तेव्हाच खा. चहा गोड, लय गोड, कमी साखर सांगितली तरी तेवढाच गोड.

आणि आता ती प्रिंटरची भानगड, कारण माडी आमची झाली ती त्यामुळं. खाली काउंटरला बिलाचा छोटा थर्मल प्रिंटर आहे, त्याचीच एक चिठ्ठी आत किचनला जाते. चिठ्ठी इंग्रजीत. आत जे आचारीकाका आहेत त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळं चिठ्ठी फाडायची आणि पोरग्याने ओरडायचं, मग चिठ्ठीचा उपयोग काय. मराठीत टाईप केलं की नुसती प्रश्नचिन्हं यायची. सॉफ्टवेअर विकणारा म्हणाला नवीन प्रिंटर घ्या. मामांनी एकदा वर येऊन विचारलं, "काय करायलायसा रं वर? नुस्तं बोलायलाय का काय येतंय पण तुमास्नी?"

आता इज्जतीचा प्रश्न. त्या प्रिंटरच्या डोक्यात देवनागरी अक्षरंच नसतात, तुम्ही अक्षराचा नंबर पाठवता आणि त्याच्या तक्त्यात तो नंबर नाही. उपाय म्हणजे अक्षरं पाठवायचीच नाहीत, चिठ्ठीचं चित्र काढायचं आणि ते चित्र ठिपक्या-ठिपक्याने पाठवायचं. ५८ मिलीमीटरचा रोल, आडवे ३८४ ठिपके. सेकंड इयरच्या एका पोरीने तिथंच बसून पायथनमध्ये लिहून काढलं, सगळे खाली काउंटरभोवती गोळा, कागद बाहेर आला आणि त्यावर मिसळ छापलेली, पण पहिली वेलांटी म च्या आधी न येता म आणि स च्या मधे लोंबकळत होती. आचारीकाका बाहेर येऊन चिठ्ठी बघून म्हणाले, "मसिळ काय असतंय?" अजून आम्ही तिला मसिळच म्हणतो. तर झालं असं होतं की पिलो ही पायथनची लायब्ररी (म्हणजे चित्रं काढायचा तयार कोड) चित्रात अक्षरं एकापुढे एक ठेवत जाते, वेलांटी कुठं सरकवायची आणि जोडाक्षर कसं जुळवायचं ते तिला आपलं आपण कळत नाही, त्यासाठी रॅक्म नावाचं वेगळं प्रकरण लागतं आणि ते त्या काउंटरच्या जुन्या विंडोज पीसीवर चालतच नव्हतं. ते जुळवण्यात पुढचा रविवार गेला. त्यात मधेच प्रिंटर फिकट छापायला लागला, सगळे कोडमध्ये डोकं घालून बसलेले, आणि मोबाईलवाल्याने गपचूप झाकण उघडून हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. झालं. आता किचनमध्ये "कांदाभजी २, चहा ५" असं स्वच्छ येतं. चित्र असल्यामुळं चिठ्ठी एखाद-दुसरा सेकंद उशिरा निघते, ते चालतंय.

कुठल्याही सेमिनारमध्ये त्या पोरीला हे शिकायला मिळालं नसतं आणि तिच्या रिझ्युमेत आता हेच पहिलं आहे, मी बघितलाय.

बाहेरून उचलून आणलेलं मात्र सगळंच चालत नाही हेही लिहितो. बारकॅम्प म्हणजे येणाऱ्यांनीच तिथल्या तिथं कार्यक्रम ठरवायचं टेकवाल्यांचं संमेलन, पहिलं २००५ साली अमेरिकेत पालो आल्टोला झालं. त्याचा एक फेमस नियम आहे की जो पहिल्यांदा आलाय त्याने काहीतरी प्रेझेंट केलंच पाहिजे. आम्ही उत्साहात लावला. गडहिंग्लजकडचा एक पोरगा आला होता, त्याला उभं केलं, तो लाल झाला, दोन वाक्यं इंग्रजीत बोलला, खाली बसला आणि परत आला नाही. माझीच आयडिया होती, अजून वाईट वाटतं. आता उलटा नियम, पहिल्यांदा येणाऱ्याने गप बसून चहा प्यायचा, त्याचे पैसे जुने देणार. मराठीत बोला, कोल्हापुरीत बोला, कोण हसणार नाही. "रिकर्शन म्हणजे काय" हा प्रश्न तीन वेळा विचारला तरी चालतो, उलट चौथ्यांदा सांगताना सांगणाऱ्याला पहिल्यांदा कळतं.

तक्रारी. माडीवर पत्रा आहे, एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, एक पंखा फिरतो एक नुसता आवाज करतो. प्लगचे पॉइंट दोन. वायफाय नाही, मोबाईलला रेंज फक्त खिडकीपाशी, त्यामुळं जे काय डाउनलोड करायचं ते घरून करून या (याचा एक फायदा म्हणजे कोणी रील बघत बसत नाही). टॉयलेट खाली एकच, आणि त्याची कडी तुटलेली होती. आमच्यातल्या पोरी तासाभरात उठून का जातात ते आम्हा बाप्यांना चार महिने कळलं नाही, शेवटी एकीने स्पष्ट सांगितलं. मामांनी दुसऱ्या दिवशी कडी बसवली, पण आरसा-लाईट अजून नाही. जिना इतका अरुंद आणि उभा आहे की गुडघेदुखीवाला माणूस येऊच शकत नाही, व्हीलचेअरचं तर सोडाच, अर्धा स्टार तिथं कापला. असं कोणी येणार असेल तर आधी कळवा, आम्ही खाली बाकड्यांवर बसू, एकदा बसलोयसुद्धा.

आणि पंधरापेक्षा जास्त माणसं आली की मजा जाते. एकदा सव्वीस आली होती, दोन टेबलं जोडून, आणि लगेच एक जण उभा राहून सगळ्यांना उद्देशून बोलायला लागला. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे आहेत पण तिथं नुसते गुड मॉर्निंग आणि जॉबच्या लिंका, त्यावरून अंदाज बांधू नका.

खर्च म्हणाल तर दोन चहा आणि एक प्लेट भजी, ऐंशी-नव्वदच्या आत भागतं. पोरांनी आपल्या चहाचे द्यायचे, भज्यांचं पगारवाले बघतात. पोरग्याला टीप द्या, जिना दिवसातून शंभरदा तोच चढतो.

येताना एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन या. आमचा गेल्या महिन्यात खाली फ्रिजला लावलेला राहिला, आणि मामा म्हणतायत तो त्यांचाच आहे.