वऱ्हाडीत बोलला म्हणून विश्वास टाकला

अंजनगाव तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. बोगस बियाण्याची पिशवी हातात आली की टॅग, लॉट नंबर आणि शिलाई पाहूनच मला शंका येते. दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका. असा मी माणूस चिखलदऱ्याच्या दोन खोल्यांपायी १९,२०२ रुपये घालवून बसलो. गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. पण पावसाळ्यात आपल्याकडची सगळी माणसं वर धावतात, म्हणून इथं लिहितो.

फवारणीच्या औषधांची गर्दी ओसरली होती आणि पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. आईला कीचकदरा पाहायचा होता, भीमानं कीचकाला मारून जिथं फेकला म्हणतात ती दरी. पोरीला धुकं हवं होतं, आणि मला खरं सांगायचं तर तिथली रबडी. ओळखीच्या दोन ठिकाणी फोन केले, दोन्ही फुल्ल. मग मोबाईलवर नकाशा उघडून शोधत बसलो.

एक ठिकाण सापडलं. लाकडी खोल्या, समोर दरी, अंगणात चूल. फोटो इतके छान की बायकोनं शेजारणीलाही दाखवले. त्या फोटोंत खोल्यांमागे सरळसोट, टोकदार झाडं होती, हिमाचलकडे असतात तशी. मेळघाट म्हणजे सागाचं जंगल. जन्म त्याच्या पायथ्याशी गेला, सागाचं पान अंधारातही ओळखेन, पण तेव्हा काही खटकलं नाही.

फोन लावला. पलीकडचा हिंदीत बोलला असता तर मी सावध झालो असतो, कारण फसवणारा म्हणजे परमुलखातला, हे डोक्यात पक्कं बसलेलं. हा म्हणाला, “या ना भाऊ, लेकराईले घेऊन या. जेवाले चुलीवरच्या भाकरी, भरीत अन् ठेचा. माय सोबत हाये तं एखादं जास्तीचं पांघरूण आणजा, वर लय गारठा राह्यते.” आईच्या पांघरुणाची काळजी करणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला तीन बाजूंनी दऱ्यांवर उभा आहे, पण १८०३ साली इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत नेल्या आणि उत्तरेच्या सपाट बाजूनं तो घेतला. माझी सपाट बाजू ही बोली होती.

दोन खोल्या, दोन रात्री, ९,६०० रुपये. निम्मे आधी. ४,८०० पाठवताना स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. विचारलं तर म्हणाला, साळ्याचं खातं आहे. गोल शिक्क्याची पावतीही आली. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, “भाऊ, पैसे मधातच अटकले. ४,८०१ टाका, पह्यले आपोआप वापस येतीन.” तो एक रुपया कशाला, हे मी विचारलं नाही. त्या एका रुपयामुळंच मला ते काहीतरी तांत्रिक, खरं वाटलं. टाकले. पहिले परत आले नाहीत. म्हणाला, वर या, हिशेबात वळते करू.

आणखी एक गोष्ट. सकाळी जंगल सफारी त्याच भाड्यात, असं तो म्हणाला होता. वनखात्याच्या सफारीला प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र लागतं. यानं आमच्यापैकी कोणाचं नावही विचारलं नाही.

धामणगाव गढी सोडली, घाट लागला, आणि वर जाईतो धुकं इतकं की समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. मोबाईलनं ‘पोहोचलात’ म्हणून सांगितलं ते एका वळणावर. एकीकडे दरड, दुसरीकडे दरी. निळ्या ताडपत्रीखाली एक बाई शेगडीवर कणसं भाजत होती. मी काच खाली केली, ठिकाणाचं नाव घेतलं. तिनं कणीस फिरवत हातानंच मागं दाखवलं. “गाडी इथूनच पलटवा भाऊ, पुढं जागा नाई.” तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट. मी त्याला फोन केला आणि त्यानं उचलला! आवाज तोच, मायाळू. पोट्ट्यानं चुकून तुमची खोली दुसऱ्याला दिली, सगळे पैसे वापस करतो, पाठवलेला कोड स्कॅन करा. रक्कम आधीच भरलेली, ९,६०१. मी रागात होतो, रेंज जात-येत होती, आई मागून “काहून थांबलो रे?” विचारत होती. मी पिन टाकला. आठवीतली पोरगी म्हणाली, “बाबा, पैसे यायले पिन कायले लागते?” तोवर खात्यातून गेल्याचा मेसेज आला होता.

पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. दुकानात दिवसाला वीस जण माझा कोड स्कॅन करतात, मी कधी पिन टाकतो का? नाही. तरी टाकला.

चिखलदऱ्यात येऊन रेंज मिळताच १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. तिकडून व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम विचारतात. ते मेसेज पुसू नका. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. माझ्या शेवटच्या रकमेतले चार हजार होल्ड झाले, अजून हातात आलेले नाहीत. आधीचे दोन्ही हप्ते घाट चढायच्या आधीच कुठल्या कुठं गेले होते. नकाशावर जागा कोणीही टाकू शकतो आणि फोन नंबरही, हे मला पोलीस ठाण्यातल्या पोरसवदा हवालदारानं समजावलं.

रात्री एका खानावळीत शिरलो. पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. आमची तोंडं पाहून काकूंनी काय झालं ते काढून घेतलं आणि नात्यातल्या एका घरची खोली उघडून दिली. सकाळी धुकं फाटलं आणि आईला कीचकदरा दिसला, मिनिटभर. रबडी मी दोन वाट्या खाल्ली, रागानंच.

हिवाळ्यात परत जायचं आहे. परवा काकूंना फोन केला, अॅडव्हान्स किती टाकू म्हणून विचारलं.

“काई नोको टाकू. आल्यावर देजा. नाई आले तं सकाळीच सांगजा, तेवढ्या भाकरी कमी टाकीन.”