निवडक संश्लेषणासाठी काय घ्यावं: एन्झाइम, धातू-लिगँड की ठसा-पॉलिमर?

रेणूवर दोन सारखे गट आहेत आणि अभिक्रिया एकावरच हवी, किंवा दोन समघटकांपैकी एकच हवा, असा पेच असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो: ठसा-पॉलिमर (ज्यात हव्या त्या रेणूच्या आकाराच्या पोकळ्या असतात) मुख्य उत्प्रेरक म्हणून घेऊ नका, मदतनीस म्हणून जरूर घ्या.

धातू-लिगँड (धातूचा अणू आणि त्याला धरून निवड ठरवणारा रेणू, म्हणजे लिगँड) आणि एन्झाइम यांची थेट टक्कर बघायची तर मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन घ्या. आधी ते ऱ्होडियम धातूच्या उत्प्रेरकावर, दाबाखालच्या हायड्रोजनने बनायचं. २०१० मध्ये मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी २७ बदल करून घडवलेलं ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम जाहीर केलं. धातू गेला, उच्च दाब गेला, कचरा १९ टक्क्यांनी घटला. पण एवढे बदल करायला पैसा आणि माणसं लागतात. ती नसतील तर तयार मिळणारा लिगँड बरा.

आता ठसा-पॉलिमर. हवा तो रेणू साचा म्हणून घ्यायचा, त्याभोवती मेथॅक्रिलिक आम्लासारखे मोनोमर (पॉलिमरचे सुटे घटक) जमवायचे, भरपूर क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा रेणू) घालून सगळं घट्ट करायचं आणि साचा धुऊन काढायचा. मागे त्याच्या आकाराची पोकळी उरते. जर्मनीत वुल्फ यांनी १९७२ मध्ये सहसंयुज बंधांनी ही वाट दाखवली, स्वीडनमध्ये मोसबाख यांनी हायड्रोजन बंधांसारख्या कमकुवत बंधांवर काम भागवलं. करायला मोसबाखांची पद्धत सोपी, पण पाणी आलं की पकड सुटते. उष्णता आणि सेंद्रिय द्रावकं मात्र हे पॉलिमर सहज सोसतं, तिथे बहुतेक एन्झाइमं हात टेकतात.

उत्प्रेरक म्हणून ते मार खातं. वुल्फ यांच्या १९९७ च्या, अमिडीन हा गट असलेल्या पॉलिमरने एस्टरचं जलविघटन शंभरपटीहून जास्त वेगाने केलं; एन्झाइमं लाखांच्या, कोटींच्या पटीत खेळतात. कारण सगळ्या पोकळ्या एकसारख्या नसतात. शिवाय डील्स-आल्डरसारख्या (दोन रेणू जोडून एक करणाऱ्या) अभिक्रियेत उत्पादन साच्यासारखंच दिसतं, त्यामुळे ते पोकळीतच अडकून बसतं.

हीच खोड दुसरीकडे कामाला येते. अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याच्या संरक्षित रूपाचं संश्लेषण थर्मोलायसिन हे एन्झाइम करतं, पण अभिक्रिया समतोलाशी, म्हणजे माल पूर्ण बनण्याआधीच, अडते. मोसबाख यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याच उत्पादनाचा ठसा असलेलं पॉलिमर भांड्यात टाकलं. तयार होणारा माल पॉलिमर ओढून घेत गेलं आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे प्रश्न 'एन्झाइम की पॉलिमर' असा राहतच नाही. (साच्याचे अवशेष झिरपणं ही असे पॉलिमर सेन्सरमध्ये वापरणाऱ्यांची मोठी डोकेदुखी, इथे साचा म्हणजे आपलाच माल, फारसं बिघडत नाही.)

तेव्हा एन्झाइम निवडक आहे पण समतोल आड येतोय, किंवा नको असलेला समघटक वेगळा काढायचाय, तर ठसा-पॉलिमर. मोठा घाऊक माल काढायचा असेल तर सोडून द्या: ग्रॅमभर पॉलिमर फार थोडा माल धरतं, आणि साच्यासाठी शुद्ध रेणू आधीच हाताशी लागतो.

करायचंच ठरवलंत तर त्याच दिवशी साचा न घालता तसंच दुसरं पॉलिमरही बनवा. तेही तेवढाच माल धरत असेल, तर तुमचा ठसा उमटलेलाच नाही.