गोवंडीतली अभ्यासिका : खुर्च्या मोडक्या, पण रविवारचं टेबल सोडू नका

आमच्याकडची अभ्यासिका कशी आहे असं सारखं कोणीतरी विचारतं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमच्या गोवंडीत मंडळाच्या ऑफिसवर जी अभ्यासिका चालते तिथे मी अकरावीपासून तीन वर्षं बसलो, नंतर बहीण बसायला लागली, त्यामुळे अभ्यासिकेचं चांगलं-वाईट दोन्ही घरात रोज ऐकतो.

जागा म्हणाल तर पत्र्याचा हॉल, चाळीसेक खुर्च्या, त्यातल्या पाच-सहा डुगडुगणाऱ्या. महिन्याला १०० रुपये. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार तिथे बसवत नाही, पंखा गरम हवाच फिरवत बसतो. पण १० बाय १२ च्या खोलीत सहा माणसं, टीव्ही, कुकर आणि आजीचा खोकला असेल ना, तर तो पत्रा पण परवडतो. वरळीला बीडीडी चाळीतली पोरं ‘अभ्यास गल्ली’ नावाच्या गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली, ती काय हौस म्हणून नाही. आमच्याकडे रस्त्यावर बसायचं म्हटलं तर देवनारच्या कचऱ्याच्या गाड्या जातात अंगावरून.

पुस्तकांचं कपाट बघून मात्र रडू येतं. सीईटीची (इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेची) गाईडं अजून उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करायच्या काळातली आहेत, पेपर २०१९ पासून कॉम्प्युटरवर होतो राव! नवीन सेट आणा म्हणून मी स्वतः दोनदा वहीत लिहून आलो, वही पण भरली असेल आता.

आता खरी गोष्ट. रविवारी सकाळी दहाला एक ताई आणि दोन दादा खाली टेबल लावून बसतात, तिघंही इथूनच शिकून बाहेर पडलेले. फॉर्म, दाखले, स्कॉलरशिप, काय पाहिजे ते विचारा, पैसे नाहीत. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देतो पण काय भरलं ते सांगत नाही, फरक तिथे आहे.

बहिणीची बारावी २०२४ ची. एकजण घरी येऊन बाबांना म्हणाला इंजिनिअरिंगची सीट थेट करून देतो, वरचे थोडे द्या, मुलींना तर आता फी माफच आहे. बाबा ४०,००० उसने घ्यायला निघाले होते. मी म्हटलं आधी रविवार होऊ दे. ताईने ८ जुलै २०२४ चा जीआर, म्हणजे सरकारी निर्णय, काढून समोर ठेवला आणि बोट ठेवून वाचायला लावला : ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींना ५० टक्क्यांच्या जागी १०० टक्के शिक्षण आणि परीक्षा शुल्क सवलत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, पण सीट कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला काही नाही. म्हणजे पैसे देऊन वर पूर्ण फी पण भरली असती आम्ही. बाकीची किरकोळ फी भरावी लागेल हे पण तिने तेव्हाच सांगितलं, नंतर धक्का बसला नाही. आणि बँक खात्याला आधार लिंक आहे का ते मोबाईलवर तिथेच बघितलं, कारण महाडीबीटीचे (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) पैसे आधार लिंक असलेल्या खात्यातच येतात, आमचं लिंक नव्हतं.

उलटं शेजारच्या काकूंच्या मुलाचं झालं. अकरावीचा ऑनलाईन फॉर्म, दहा कॉलेजं टाकता येतात, याने मित्राने टाकलं म्हणून एक नंबरला पार चर्चगेटचं कॉलेज टाकलं. नेमकं तेच लागलं. पहिलाच पसंतीक्रम लागला की घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या रेग्युलर फेऱ्यांतून बाहेर. आता हार्बरने सीएसएमटी आणि तिथून बस, रोज. काकू म्हणतात आम्हाला टेबलाचं माहीतच नव्हतं, आणि इथे मंडळाची चूक आहे, नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर लागतात पण टेबलाचा एक कागद गेटवर चिकटवत नाहीत.

अजून एक खटकतं. मुलं रात्री अकरापर्यंत बसतात, मुलींना आठला उठवतात, सेफ्टी म्हणे. जिन्यातला दिवा गेले कित्येक महिने बंद आहे तो लावला तर सेफ्टी होईल की! बहीण आठला घरी येते आणि मग कुकरच्या शेजारी बसून मॅथ्स करते. आणि गणपतीच्या आधी हॉलमध्ये मंडळाचं डेकोरेशन येऊन पडतं, तेव्हा सगळ्यांनाच सुट्टी.

टेबलाला पाचपैकी पाच, हॉलला अडीच, कपाटाला शून्य.

जाणार असाल तर रेशनकार्ड, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर असेल तर ते, सगळ्याचे ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. कास्ट व्हॅलिडिटीचा (जात पडताळणीचा) अर्ज बारावीला असतानाच टाका, रिझल्टनंतर पळापळ होते. दहाच्या आधी पोचा, ताई साडेबाराला उठते, तिची दुपारची शिफ्ट असते.