माइक असलेला हेडसेट : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास लातूरमध्ये मी अडीच हजारांच्या आतला, तारेचा, माइक असलेला एक गेमिंग हेडसेट घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. त्याच किमतीतले आणखी दोन-तीन हेडसेट परिचितांकडे वापरून पाहिले, त्यांत फारसा फरक जाणवला नाही. शिवाय पुढे जे लिहिणार आहे ते एका कंपनीपुरते नाही. दिवसभर खते-बियाण्यांच्या दुकानाचा हिशेब आणि रात्री जेवणे आटोपल्यावर तास-दीड तास खेळ, असा माझा वापर आहे. संगणकावर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे संघाने खेळायचे नेमबाजीचे गेम, तर फोनवर भाच्यांबरोबर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळतो. स्पर्धांत उतरण्याची माझी पात्रता नाही आणि तशी हौसही नाही.

आवाजापासून सुरुवात करतो. खोक्यावर ‘७.१ सराउंड’, म्हणजे चोहोबाजूंनी आवाज येण्याचा दावा, मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. प्रत्यक्षात या किमतीच्या हेडसेटमध्ये प्रत्येक कानासाठी एकेकच स्पीकर असतो आणि चोहोबाजूंचा आभास संगणकावरील सॉफ्टवेअर निर्माण करते. वर उल्लेखलेल्या संगणकावरच्या दोन्ही गेममध्ये एचआरटीएफ नावाची स्वतःची सोय आहे. आवाज डाव्या कानाला आधी पोहोचला की उजव्या, डोक्याच्या आडोशाने तो किती दबला, याचा हिशेब करून ती पावलांची दिशा भासवते. हेडसेटचे ७.१ आणि गेमची ही सोय एकाच वेळी चालू ठेवली, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि मागून येणारा शत्रू समोरून येत असल्यासारखा वाटतो. खोक्यावरची जाहिरात विसरून हेडसेट साध्या स्टिरिओवर ठेवावा आणि गेममधली सोय चालू करावी, हा माझा पहिला सल्ला.

तारेचाच का, असे अनेकांनी विचारले. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो, दोन्ही कानांतला वेगळेपणा नाहीसा होतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. त्यात विलंब होतो तो वेगळाच. संगणकाला जोडायच्या स्वतंत्र डोंगलवर (छोट्या यूएसबी जोडणीवर) चालणारे बिनतारी हेडसेट या दोषातून सुटलेले असतात, पण ते या किमतीत चांगले मिळत नाहीत.

आता मराठवाड्यातल्या उन्हाळ्याविषयी, कारण परीक्षणे लिहिणारे बहुतेक जण वातानुकूलित खोलीत बसलेले असावेत अशी मला शंका आहे. एप्रिल-मे महिन्यांत कृत्रिम चामड्याच्या गाद्यांखाली कान अक्षरशः शिजतात. मे संपता संपता माझ्या हेडसेटच्या गाद्यांचे पापुद्रे निघू लागले आणि त्यांचे काळे कण कानामागे चिकटू लागले. शेवटी ओळखीच्या शिंप्याकडून सुती कापडाच्या खोळी शिवून घेतल्या. त्या धुता येतात आणि आवाजात जाणवण्याइतका फरक पडला नाही. दुसरी अडचण माइकची. तो तोंडासमोर असला तरी खोलीतला कूलर टिपतोच. उन्हाळ्यात परभणी, नांदेड, बीडकडचे चार खेळाडू एका संघात आले की आधी चार कूलर ऐकू येतात आणि मग माणसे. बटण दाबून ठेवल्यावरच माइक सुरू होईल अशी रचना सर्वच चांगल्या गेममध्ये असते; ती वापरणे हे सोबत्यांवरचे उपकार आहेत.

हेडसेटचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला त्याचा उल्लेख जाहिरातीत शेवटच्या ओळीत आहे. तारेवर माइक बंद करण्याचे बटण आणि त्याच्या शेजारी आवाज कमी-जास्त करण्याचे चाक आहे. याचे कारण सांगायचे तर कानांवर काय पडते ते सांगावे लागेल.

अनोळखी लोकांबरोबर आवाजी गप्पा सुरू ठेवून खेळणाऱ्या कोणालाही आई-बहिणींवरून दिल्या जाणाऱ्या शिव्या नव्या नाहीत. एक डाव हरला की पहिली शिवी, दुसरा हरला की घरच्यांचा उद्धार, आणि त्यानंतर उच्चारांवरून टिंगल. आमचे हिंदी ऐकून ‘गाववाले’ म्हणणारे महानगरांतले खेळाडू भेटतात, तसेच मराठवाड्यातल्याच बोलीची नक्कल करणारे पुण्या-मुंबईचे मराठी खेळाडूही भेटतात. याचा मला स्वतःला फारसा त्रास होत नाही. बाजारपेठेत आयुष्य गेलेल्या माणसाची कातडी जाड झालेली असते. शिवाय हरल्याच्या तिरमिरीत निघालेला शब्द आणि ठरवून केलेला छळ यांत मी फरक करतो, आणि पहिल्याकडे दुर्लक्ष करावे असेच माझे मत आहे.

दुसऱ्या प्रकाराकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. माझी भाची शिकवणीसाठी लातूरला राहते. तिच्या वयाची हजारो मुले-मुली आसपासच्या जिल्ह्यांतून येथे राहायला आलेली आहेत, आणि रविवारच्या चाचणीनंतर त्यांतली बरीच फोनवर खेळतात. भाचीचा निशाणा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. तिने हेडसेट मागितला तेव्हा मी माझाच वापरून पाहायला दिला. परत देताना ती म्हणाली, ‘‘मामा, आवाज छान आहे, पण माइकचं मला काही सांगता येणार नाही. मी तो लावतच नाही.’’ मुलीचा आवाज ऐकू आला की पुढचा सगळा खेळ त्या आवाजाभोवतीच फिरतो, कोणी लाडीगोडी लावतो, कोणी घाण बोलतो आणि हरल्याचे खापर तिच्यावर फुटते, असे तिने कांद्याचा भाव सांगावा इतक्या सहजपणे सांगितले. तिच्या मैत्रिणीही असेच करतात. संघाने मिळून खेळण्याच्या गेममध्ये, जिथे शत्रू कुठे आहे हे वेळेत सांगण्यावर अर्धा विजय अवलंबून असतो, तिथे या मुली मुक्याने खेळतात आणि तरीही टिकून राहतात. माइकसाठी मोजलेले पैसे त्यांच्या बाबतीत वायाच जातात.

आणखी एक गोष्ट मला आपल्या भागात विशेष जाणवते. संघात मराठी बोलणारा भेटला की आनंद होतो, गाव विचारले जाते, तालुका निघतो, आणि चौथा-पाचवा प्रश्न बहुधा आडनावाचा असतो. विचारणाऱ्याच्या मनात काही असतेच असे नाही; आपल्याकडे ओळख करून घेण्याची ती जुनीच रीत आहे. परंतु आरक्षणाच्या प्रश्नावरून गेल्या काही वर्षांत गावोगावी जे ताण निर्माण झाले, ते येथेही पोहोचले आहेत. आडनाव कळल्यावर सूर बदलल्याचे मी ऐकले आहे, एखाद्याने खेळ सोडून दिल्याचेही पाहिले आहे. जातिवाचक टोमणा शिवीच्या रूपात येत नाही, हसत हसत येतो, आणि म्हणूनच त्याची तक्रार कोणत्या रकान्यात करावी हेही कळत नाही.

यावर तंत्रज्ञानाने काय केले, असा प्रश्न साहजिकच येतो. बरेच काही केले, पण ते आपल्यापर्यंत आलेले नाही. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सने जुलै २०२२ मध्ये त्या गेममधील आवाजी संभाषणाची नोंद घेऊन तपासणीची यंत्रणा तयार करण्याचे काम सुरू केले, ते उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीसाठी. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सबॉक्स या आपल्या गेम खेळण्याच्या यंत्रावर मागच्या साठ सेकंदांचे संभाषण पुरावा म्हणून जतन करून तक्रार करण्याची सोय आणली. कॉल ऑफ ड्यूटी या नेमबाजीच्या गेममध्ये त्याच वर्षी संभाषण चालू असतानाच छळ ओळखणारी यंत्रणा आधी उत्तर अमेरिकेत आली, आणि नोव्हेंबरमध्ये ती जगभर नेण्यात आली तेव्हा आशिया खंड वगळण्यात आला. आपण सर्व जण त्या वगळलेल्या भागात राहतो. लिखित गप्पांसाठी शब्दगाळणी असते, तीही मराठी शिवी रोमन लिपीत एखादे अक्षर बदलून लिहिली की निमूटपणे जाऊ देते. आणि बोललेली मराठी, त्यातही बोलीतली, समजून घेईल अशी कोणतीही यंत्रणा अद्याप माझ्या अनुभवाला आलेली नाही. एसटीत कोणी अशी भाषा वापरली तर वाहक त्याला पुढच्या थांब्यावर उतरवतो. येथे वाहक आहे, पण त्याला आपली भाषा येत नाही.

परिणामी सगळे काम ऐकणाऱ्याच्या अंगावर पडते. त्रास देणाऱ्याचा आवाज त्यानेच बंद करायचा, तक्रार त्यानेच नोंदवायची, मुलगी असेल तर स्वतःचाच आवाज बंद ठेवायचा. बोलणाऱ्याला मात्र काहीच मोजावे लागत नाही. फार झाले तर काही दिवसांची बंदी येते, आणि तोवर दुसरे खाते तयार असते. माझी मुख्य तक्रार शिवीपेक्षा या हिशेबाबद्दल आहे.

आपल्याकडे गेमिंगविषयी जी सार्वजनिक चर्चा होते तिचा रोख भलतीकडेच असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली ती माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, पुढच्या वर्षी तोही काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि मोठ्यांसाठी सहा तास अशी मर्यादा लागू होती. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. पैशांच्या खेळांनी आमच्या भागातली किती घरे पोखरली हे दुकानात बसून मी पाहिले आहे, त्यामुळे त्या बंदीचे मी स्वागतच करतो. तरीही सरकार तास आणि पैसे मोजते, पालकही तेच मोजतात. मुलगा किती वेळ खेळतो हे विचारणारे वडील मला रोज भेटतात. त्या वेळात त्याच्या कानांवर काय पडते, किंवा तो दुसऱ्याच्या कानांत काय ओततो, हे विचारणारे अजून भेटलेले नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह बोलण्याला सरसकट गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि ते योग्यच झाले, कारण त्याचा वापर शिवीगाळ रोखण्यापेक्षा टीका दडपण्यासाठी होत होता. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतात. परंतु ध्वनिमुद्रण नाही, समोरच्याचे फक्त टोपणनाव माहीत आणि घरच्यांना खेळाविषयीच राग, अशा स्थितीत शिकवणीची मुलगी पोलीस ठाण्यात जाईल ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

मग प्रत्येकाला खऱ्या नावाने, आधार जोडून खेळायला लावा, असा उपाय माझ्या दुकानात येणारे सुशिक्षित ग्राहकही सुचवतात. मला तो घातक वाटतो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवण्याची अशी सक्ती केली होती, आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती रद्द केली. आपल्याकडे तर वर सांगितलेला आडनावाचा प्रश्न विचारण्याचीही गरज उरणार नाही. टोपणनावामागे शिवी देणारा लपतो हे खरे, पण त्याच टोपणनावामागे माझी भाची आणि गावात ज्याला पारावर बसण्याचा संकोच वाटतो असा एखादा मुलगाही सुरक्षित असतो. ओळख लपवता येणे ही ज्याची गरज आहे त्याच्याकडून ती काढून घेऊन शिवी देणारा सुधारेल, यावर माझा विश्वास नाही. स्वतःच्या नावाने आणि फोटोसह शिव्या देणारे तर रोजच दिसतात.

प्रत्यक्ष वापरात मी पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. गेमचा आवाज आणि गप्पांचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. पावले ऐकू यावीत म्हणून पहिली वर ठेवली तरी दुसरी निम्म्यावर ठेवतो, नाहीतर कोणी ओरडला की कानठळ्या बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये. गेमिंगमध्ये ती पातळी नकळत ओलांडली जाते. अनोळखी संघात पहिल्या शिवीला काही करत नाही, दुसरीला त्या खेळाडूचा आवाज बंद करतो आणि डाव संपल्यावर तक्रार नोंदवतो, जरी तिचे पुढे काय होते ते क्वचितच कळते. शनिवारी रात्री ओळखीच्या पाच जणांचा संघ जमतो, त्यात भाची असते, आणि तेव्हा ती माइक लावते. तिच्या सूचनांवर आम्ही जे डाव जिंकतो ते आमच्या एकट्याच्या कुवतीतले नाहीत, हे मान्य करायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

हेडसेटची आजची स्थिती अशी : तार माइकजवळ किंचित सैल झाली आहे, आवाजाच्या चाकातून अधूनमधून खरखर येते, डोक्यावरची पट्टी शाबूत आहे. या किमतीला हा टिकाऊपणा समाधानकारक आहे. नवीन घेणाऱ्यांनी ७.१ च्या अक्षरांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : गाद्या बदलता येतात का, आवाज बंद करण्याचे बटण तारेवर किंवा कानाच्या कपावर हाताला सहज लागते का, आणि माइक वेगळा काढून ठेवता येतो का. भाचीसाठी जो दुसरा घेणार आहे त्याची निवड मी या तीन निकषांवरच करतो आहे.