मेंदूच्या दुखापतीनंतर घरापासून दूर पुनर्वसन केंद्रात : लातूर-पुणे अनुभव

दादाला मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला. लातुरातच शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण घरी न्यावं अशी अवस्था नव्हती. गळ्यात श्वासाची नळी, नाकातून जेवण, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. फिजिओ, ऑक्युपेशनल (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आणि स्पीच (बोलण्याची) थेरपी आणि चोवीस तास नर्सिंग असं सगळं एका ठिकाणी आम्हाला जवळपास मिळेना, म्हणून सव्वातीनशे किलोमीटरवर पुण्यातल्या एका केंद्रात भरती केलं. आता तो घरी येऊनही बरेच महिने झालेत.

उपचार उत्तम होते. दर दोन तासांनी कूस बदलायचे, त्यामुळे अंगाला एकही जखम झाली नाही. गिळणं तपासून आधी घट्ट पेज, मग मऊ भात, आणि पाणी सगळ्यात शेवटी, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत लवकर जातो. हे घरी आम्हाला कुणी सांगितलं असतं?

अंतराचा खरा फटका गाडीभाड्यात नाही. अशा दुखापतीनंतर बरेच दिवस माणसाला नवी आठवण धरून ठेवता येत नाही. दादाला रोज सकाळी ती खोली नवी वाटायची. तो घाबरायचा, नळ्या ओढायचा, संध्याकाळी जास्तच. माझा आवाज ऐकला की निवायचा. म्हणून सांगतो, घरातलं एक माणूस तिथे राहिलंच पाहिजे. केअरटेकर ठेवून गावी परतलेली कुटुंबं मी पाहिली. त्यांना नावं ठेवत नाही, सोयाबीन काढणीला आलं की कोण काय करणार? आमच्याकडे वहिनी शेत आणि पोरं सांभाळत होती म्हणून मला राहता आलं.

व्हिडिओ कॉल सकाळीच करा, दुपारनंतर मेंदू थकलेला असतो. आणि एका वेळी एकच माणूस बोला. सगळं घर एकदम बोलायला लागलं की दादा डोळे मिटून घ्यायचा.

स्पीच थेरपीतल्या चित्रांच्या कार्डांकडे तो बघतही नव्हता. मग वहिनीने घरचे फोटो पाठवले: आमची बैलजोडी, विहिरीवरची मोटर, आईचा तवा, शाळेच्या गणवेशातली पोरगी. थेरपिस्ट मॅडमनी त्यांचीच कार्डं केली. पहिला शब्द बैलाच्या नावाचा निघाला, तेव्हा मॅडमसुद्धा रडल्या.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या लक्षात उशिरा आली. सराव चालला होता गुळगुळीत फरशीवर आणि कमोडवर. आमच्या घरी उंच उंबरठा, मातीचं अंगण आणि अंगणापलीकडे उकिडवं बसायचा संडास. घरी आल्यावर पहिले काही आठवडे दादा पुन्हा अंथरुणाला खिळला. भरती करतानाच घराचा व्हिडिओ ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा आणि सराव त्याप्रमाणे मागा. आम्ही नंतर कमोडची खुर्ची घेतली, भिंतीला दांडा बसवला, उंबरठ्याला उतार केला.

पैशांचं थोडक्यात: आमच्या विम्याने शस्त्रक्रियेचे पैसे दिले, पुनर्वसनाचे नाही. भरती व्हायच्या आधी हे लेखी विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेतही न्यूरोरिहॅबचा, म्हणजे मेंदूच्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा विभाग आहे. खासगी केंद्र ठरवण्याआधी तिथे चौकशी जरूर करा.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त वेगाने होते, पण नंतर थांबत नाही. दादा आता काठी घेऊन अंगण ओलांडतो, नावं अडखळत सांगतो, लवकर चिडतो. चिडणंही दुखापतीचाच भाग आहे हे आईला समजवायला वेळ लागला.

दूर जावं का? गळ्यात नळी असेल, गिळता येत नसेल तर नक्की जावं. पण ते टप्पे पार झाले की गावाकडे परतायची तयारी सुरू करा. केंद्रातून सुट्टी व्हायच्या आधी गावातल्या फिजिओचं आणि केंद्रातल्या थेरपिस्टचं फोनवर बोलणं करून द्या, व्यायामांचे व्हिडिओ मोबाइलमध्ये घ्या, फिटच्या गोळ्या कधीपर्यंत चालू ठेवायच्या ते कागदावर लिहून घ्या.